घरासाठी काच निवडताना: यादीपासून पहिल्या पावसापर्यंत

बडोद्यात काचेच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "केटला एमएम?" आपण "पाच" किंवा "आठ" सांगून मोकळे होतो. मग रंग दाखवले जातात, मग चौरस फुटाचा भाव, आणि दहा मिनिटांत काच ठरते. घरांची आतली कामं करून घेताना चुकीच्या काचा मला सतत बदलाव्या लागतात, आणि त्यातल्या बहुतेक याच क्रमानं घेतलेल्या असतात. जाडी हा खरं तर सहावा प्रश्न आहे. त्याच्या आधीचे पाच कुणी विचारत नाही, म्हणून हा लेख. पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमानं घ्या. मधली एक जरी गाळली तरी पुढचा निर्णय चुकतो.

पायरी १: वही घेऊन घरभर फिरा

दुकानात जाण्याआधी घरात जिथं जिथं काच बसणार आहे ती प्रत्येक जागा लिहून काढा. खिडक्या आठवतात. बाथरूमचं पार्टिशन, ओट्यामागची काच, जिन्याचा कठडा, दाराशेजारचा उभा पट्टा आणि आरसे हमखास राहून जातात.

प्रत्येक जागेसमोर चार गोष्टी लिहा: ही काच फुटली तर तुकडे कुणावर पडतील; ऊन कोणत्या दिशेनं आणि किती वाजता येतं; पाणी किंवा वाफ लागते का; बाहेरून आत दिसलेलं चालेल का. जाडी अजून लिहायची नाही. रंगसुद्धा नाही.

उन्हाची वेळ अंदाजानं लिहू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक खिडकीपाशी उभं राहून पाहा.

पायरी २: फुटली तर काय होईल, त्यावरून काचेची जात ठरवा

साधी काच फुटते तेव्हा लांब, धारदार सुळे पडतात. ती कपाटाच्या छोट्या झडपेत, तसबिरीत, उंचावरच्या लहान खिडकीत ठीक आहे. माणूस जिथं धडकू शकतो तिथं ती नको.

टफन काच म्हणजे साधीच काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड केलेली. त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती चार ते पाच पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. दारं, बाथरूमचं पार्टिशन, टेबल, गॅसमागची काच, जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्या इथं हीच घ्या. पण तिच्याबद्दल दोन गोष्टी डोक्यात पक्क्या हव्यात. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासून एक मिलिमीटरही कमी करता येत नाही. आणि ती मजबूत होते, ताठ होत नाही. पाच मिलिमीटरची टफन काच वाऱ्यानं तितकीच वाकते जितकी पाच मिलिमीटरची साधी. "टफन आहे, पातळ चालेल" हा सल्ला मोठ्या तावदानासाठी ऐकू नका.

लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक थर. हा थर ०.३८ मिलिमीटरच्या पटीत येतो, म्हणजे ०.३८, ०.७६, १.१४, १.५२. काच फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात आणि तावदान जागेवर टिकतं. डोक्यावरची प्रत्येक काच, गच्चीचा आणि बाल्कनीचा कठडा, वरच्या मजल्याची जमिनीपर्यंतची काच आणि चोराची भीती असलेल्या तळमजल्याच्या खिडक्या, या सगळ्यांना लॅमिनेटेड. हॉर्नचा आवाज कमी करायचा असेल तरी तीच उपयोगी पडते. मात्र सरकत्या खिडकीच्या फटी तशाच राहिल्या तर आवाज फटीतून येणारच.

हीट-स्ट्रेंग्दन्ड ही मधली जात. साध्या काचेच्या साधारण दुप्पट मजबूत, पण फुटली की मोठे तुकडे होतात. ती एकटी सुरक्षित काच नाही. लॅमिनेट करून वापरली तर मात्र उत्तम, कारण फुटल्यावरही मोठे तुकडे थराला धरून राहतात आणि तावदान खाली लोंबत नाही.

कठड्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बडोद्यात गच्चीचा कठडा वर्षातून एक दिवस खरी परीक्षा देतो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, एकेका गच्चीवर पंधरा-वीस माणसं असतात, सगळ्यांच्या नजरा आकाशात, आणि ढील देताना माणूस मागे सरकत कठड्यावर टेकतो. नुसती टफन काच तिथं फुटली तर क्षणात कठडाच उरत नाही. म्हणून कठड्याला टफन करून लॅमिनेट केलेली काच, दोन काचांमध्ये १.५२चा थर, आणि वर सलग हँडरेल. उंची जमिनीच्या पूर्ण झालेल्या पातळीपासून किमान एक मीटर. फरशी बसायच्या आधी मोजलेला मीटर फरशीनंतर कमी भरतो.

> सावधान: टफन काच म्हणजे आगीला टिकणारी काच नव्हे. आगीसाठी वेगळी, चाचणी झालेली काच तिच्या चौकटीसकट येते. तसंच जाळीची काच जाळीमुळे धडकेपासून सुरक्षित होत नाही. तुटलेल्या काचेबरोबर तारही हाताला लागते.

पायरी ३: चौकावर किंवा जिन्यावर काच टाकणार असाल तर इथं थांबा

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत चौक झाकून घ्यायची इच्छा बऱ्याच घरांत असते. धूळ आणि पाऊस थांबवायचा, उजेड हवा. इच्छा रास्त आहे. पण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि त्या महागातही पडतात.

पहिली चूक नुसत्या टफनची. टफनचे दाणे बोथट असतात हे खरं, पण वरून पडताना ते एकमेकांत अडकलेल्या मोठ्या ढेपा होऊन येतात. शिवाय टफन काच कधीकधी कुणी हात न लावता फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा अगदी सूक्ष्म कण राहिला असेल तर तो हळूहळू फुगतो आणि महिन्यांनी, वर्षांनीही तावदान फोडतो. कारखान्यात टफन काच पुन्हा तापवून अशी तावदानं आधीच फोडून टाकायची चाचणी असते. तिला हीट सोक म्हणतात, आणि मोठ्या किंवा उंचावरच्या टफन काचेसाठी ती मागून घ्यावी. डोक्यावर मात्र चाचणी झालेली असली तरी काच लॅमिनेटेडच हवी.

दुसरी चूक वजनाची. काचेचं वजन काढणं सोपं आहे: एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. सहा अधिक सहाची लॅमिनेटेड काच म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. तीन मीटर बाय तीन मीटर चौकावर नुसती काचच २७० किलो होते. लोखंडी सांगाडा वेगळा, सफाईला चढणारा माणूस वेगळा. जुन्या विटांच्या भिंतीवर, लाकडी तुळईवर हे ओझं येणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय काचवाल्याला बोलावू नका.

तिसरी चूक तापमानाची. चौक हा वाड्याचा धूर आणि गरम हवा बाहेर टाकणारा रस्ता असतो. तो सपाट काचेनं बंद केला की एप्रिल-मेमध्ये वरचा मजला भट्टी होतो. काच चौकाच्या कडेच्या भिंतीपेक्षा फूटभर तरी उंच घ्या, चारी बाजूंनी जाळी लावून हवा जाऊ द्या, आणि छप्पर पावसाच्या तिरक्या माऱ्यासाठी बाहेर काढा. उतार द्या, नाहीतर पाणी आणि कबुतरांची घाण सांध्यांवर साचते.

मी सुरुवातीच्या काळात एका घरात हवेसाठी जागा ठेवायचा आग्रह सोडून दिला होता. पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून मालकांनी सगळं बंद करून मागितलं आणि मी मान्य केलं. पहिल्याच मे महिन्यात त्या घरच्या आजींना वरची खोली सोडून खाली यावं लागलं. पुढे दोन बाजू कापून जाळी बसवली. आता हा मुद्दा मी आधी मिटवते, मगच माप घेते.

पायरी ४: ऊन कुठून येतं त्यावरून काच निवडा

दक्षिणेची खिडकी सगळ्यात सोपी. दुपारचा सूर्य उंच असतो, दीड-दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात बरंच ऊन अडवतो, त्यामुळे साधी पारदर्शक काच चालते. उत्तरेची खिडकी लोक निर्धास्त सोडतात. बडोदा कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, साधारण २२.३ अंशांवर आहे. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, वायव्येला मावळतो आणि भर दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे त्या आठवड्यांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. थोडंच, पण पलंग तिथं असेल तर जाणवतं.

खरा प्रश्न पश्चिमेचा. चारनंतरचं ऊन खालून, आडवं येतं आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. इथं काचेवर पैसे खर्च करणं योग्य आहे.

दुकानात विचारायचे आकडे दोन. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेतला किती भाग आत येतो. सहा मिलिमीटरच्या पारदर्शक काचेचा हा आकडा साधारण ०.८ असतो, म्हणजे जवळजवळ सगळंच आत. यू-व्हॅल्यू म्हणजे बाहेर-आत तापमानात फरक असताना काचेतून उष्णता किती वेगानं जाते. एकेरी काचेची ती ५.७च्या आसपास, तर दोन पारदर्शक काचांमध्ये बारा मिलिमीटर हवेची पोकळी ठेवलेल्या डबल ग्लेझिंगची २.८च्या आसपास. दोन्ही आकडे जितके लहान तितकं घर थंड.

इथंच फसगत होते. "डबल काच लावली, आता ऊन लागणार नाही" असं समजून लोक दुप्पट-तिप्पट खर्च करतात. पण दोन्ही काचा पारदर्शक असतील तर एसएचजीसी जेमतेम ०.७ पर्यंत उतरतो. ऊन आत येतच राहतं. आपल्या हवेत पश्चिमेच्या खिडकीला आधी एसएचजीसी कमी हवा, यू-व्हॅल्यू नंतर. डबल ग्लेझिंगचा फायदा दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीला होतो, तोही बाहेरच्या काचेवर ऊन अडवणारा लेप असेल तर.

टिंटेड काच, म्हणजे करडी, तपकिरी, हिरवट, ऊन शोषून घेते. ती स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. टिंटेड साधी काच उन्हात असताना अर्ध्या भागावर सावली पडली किंवा एसीचा झोत थेट तिच्यावर आला तर मध्य आणि कडा यांच्या तापमानात फरक पडून कडेपासून तडा जातो. साध्या काचेला साधारण ४० अंशांचा फरक पुरतो. गडद रंगाची काच उन्हाच्या बाजूला लावायची असेल तर टफन किंवा हीट-स्ट्रेंग्दन्डच घ्या.

रिफ्लेक्टिव्ह काच ऊन परतवते आणि दिवसा आतलं दिसू देत नाही. रात्री उलटं होतं. आत दिवा लागला की बाहेरून सगळं स्पष्ट दिसतं आणि आतल्यांना काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. आडोशासाठी ही काच घेऊन पडदे न लावणाऱ्या घरांना हे फार उशिरा कळतं.

लो-ई काचेवर धातूचा अतिपातळ, जवळपास न दिसणारा लेप असतो. त्याचा मऊ प्रकार उघड्यावर टिकत नाही, तो डबल ग्लेझिंगच्या आतच बंद असावा लागतो. आपल्याकडे तो बाहेरच्या काचेच्या आतल्या पृष्ठावर, म्हणजे बाहेरून मोजताना दुसऱ्या पृष्ठावर हवा. लो-ई म्हटल्यावरही एसएचजीसी विचाराच. थंड देशांसाठीच्या लो-ई काचा ऊन मुद्दाम आत घेतात.

> तपासा: संध्याकाळी डबल काचेसमोर लायटर पेटवा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. लो-ई असेल तर त्यातल्या एकाचा रंग वेगळा दिसेल. बाहेर उभं राहून पाहताना ते दुसऱ्या क्रमांकावर असायला हवं.

बजेट नसेल तर पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, लावा. उष्णता काचेबाहेरच अडते. आतल्या पडद्यापर्यंत ती पोहोचते तेव्हा खोलीत शिरलेली असते.

पायरी ५: आडोसा

बाथरूमच्या खिडकीला नक्षीची काच पुरते, स्वस्त पडते. नक्षीची बाजू आत की बाहेर ते ठरवा. धूळ नक्षीत अडकते, म्हणून रस्त्याकडे गुळगुळीत बाजू ठेवा. फ्रॉस्टेड दोन प्रकारची असते. वाळूच्या माऱ्याची ओली झाली की आरपार दिसू लागते आणि तेलकट हातांचे डाग धरते. ॲसिडनं केलेली जास्त गुळगुळीत आणि पुसायला सोपी. शॉवरजवळ दुसरीच घ्या.

पायरी ६: आता जाडी

सर्वसाधारण घरातले माझे आकडे असे: सरकत्या खिडकीला ५ ते ६ मिलिमीटर, शॉवरच्या पार्टिशनला ८ ते १० टफन, चौकट नसलेल्या दाराला १० ते १२ टफन. उंच मजल्यावर किंवा मोठ्या तावदानाला वाऱ्याचा हिशेब करूनच जाडी ठरते, तिथं अंदाज चालत नाही.

जाडी ठरली की वजन काढा आणि बिजागरी, रोलर, फ्लोअर स्प्रिंग (दाराखाली जमिनीत बसणारी) त्या वजनाचे घ्या. ०.९ बाय २.१ मीटरचं बारा मिलिमीटरचं दार जवळपास ५७ किलोचं होतं. आठ मिलिमीटरसाठी घेतलेल्या बिजागऱ्यांवर ते सहा महिन्यांत खाली झुकतं.

पायरी ७: माप, आणि ते कधी घ्यायचं

फरशी, टाइल्स, चौकट, सगळं बसल्यावर. त्याआधी घेतलेलं माप फक्त भावासाठी.

१. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. दोन्हींतलं सगळ्यात लहान माप धरा.

२. दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर चौकट गुणियात, म्हणजे काटकोनात, नाही. आधी ती दुरुस्त करा, किंवा पुठ्ठ्याचा नाहीतर प्लायचा नमुना कापून कारखान्यात द्या.

३. चौकटीतल्या काचेला प्रत्येक बाजूनं तीन ते पाच मिलिमीटर मोकळीक ठेवा.

४. सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. आपल्याकडे सुतार सुतात बोलतो, फॅब्रिकेटर मिलिमीटरमध्ये, दुकानदार फुटांत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. "तीन सूत कमी" हे कुणीतरी "तीन मिलिमीटर कमी" असं ऐकतं आणि टफन काच वाया जाते.

भोकांचे नियमही इथंच लक्षात घ्या. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको. भोकाची कड काचेच्या कडेपासून जाडीच्या किमान दुप्पट आत आणि कोपऱ्यापासून सहापट लांब हवी. दहा मिलिमीटरच्या काचेला म्हणजे २० आणि ६०.

पायरी ८: ऑर्डर लिहून द्या

फोनवर ऑर्डर देऊ नका. कागदावर प्रत्येक तावदानाचं चित्र काढा आणि "आतून पाहताना" असं वर लिहा. हे दोन शब्द नसल्यामुळे बिजागरीची भोकं उलट्या बाजूला पडलेलं शॉवरचं दार मी स्वतः भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. ते कुठेच बसलं नाही, नवीन करावं लागलं.

एक पूर्ण ओळ अशी दिसते: "बाथरूम, १० मिमी पारदर्शक टफन, ७४५ × १९८०, चारी कडा पॉलिश, बिजागरीची दोन कापं डावीकडे, आतून पाहताना, हँडलचं एक भोक १२ मिमी, चित्राप्रमाणे." लेपाची, नक्षीची बाजू असेल तर तीही लिहा.

बिलाचं आधी विचारा. बरेच दुकानदार माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांना नेऊन चौरस फूट मोजतात. कडा, भोकं, कापं, टफनिंग यांचे पैसे वेगळे असतात.

पायरी ९: काच आली, उतरवायच्या आधी

उजेडात पाहा. टफनच्या कोपऱ्यात छाप हवा आणि त्यावर आयएस २५५३ हा सुरक्षित काचेचा मानक क्रमांक शोधा. छाप नसेल तर काच टफन आहे असं मानू नका. पोलराइज्ड गॉगल घालून आकाशाच्या उजेडात पाहिलं तर टफनमध्ये ठिपके, पट्टे दिसतात. तो दोष नाही, टफन असल्याची खूण आहे. लॅमिनेटेडच्या कडेला मधला थर दिसतो. कडेला शिंपल्यासारखा टवका असेल तर साधी काच परत करा, तडा तिथूनच सुरू होतो.

काच नेहमी उभी ठेवा, लाकडी पट्ट्यांवर, भिंतीला किंचित कलती. आडव्या रचलेल्या काचा स्वतःच्या वजनानं तडकतात. टफनचा कोपरा फरशीला आपटला की अख्खं तावदान हातात फुटतं, म्हणून उचलताना हातमोजे आणि पायात बूट.

पावसाळ्यात काचांमधला कागद भिजला तर तो लगेच काढून काचा कोरड्या करा. दोन काचांमध्ये अडकलेलं पाणी काचेतला क्षार ओढून घेतं आणि इंद्रधनुष्यी डाग उठतो, तो पुसून जात नाही. विश्वामित्री नदीचं पाणी शिरतं अशा भागात तळमजल्यावर काचा साठवूच नका.

पायरी १०: बसवताना

काचेखाली, कडेपासून एक चतुर्थांश अंतरावर, दोन रबरी पॅकिंग. काच थेट ॲल्युमिनियमवर, स्क्रूवर किंवा भिंतीवर टेकता कामा नये. बिजागरी आणि काच यांच्यामध्ये नायलॉन किंवा रबराची चकती असलीच पाहिजे.

सिलिकॉन उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो ॲसिडिक प्रकार. तो आरशाच्या मागचा लेप खराब करतो, लॅमिनेटेडच्या कडेला थर सुटायला कारण होतो आणि डबल ग्लेझिंगच्या सीललाही त्रास देतो. तिन्ही ठिकाणी न्यूट्रल सिलिकॉन, दोन पैसे जास्त देऊन.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी जायची भोकं असतात. मिस्त्री फिनिशिंगच्या नादात ती सिलिकॉननं बुजवतो. काम संपल्यावर पट्टीत एक तांब्या पाणी ओता आणि ते बाहेर वाहून जातं का ते पाहा.

> सावधान: काच बसल्यानंतर वर प्लास्टर, ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग करू देऊ नका. सिमेंटचे शिंतोडे वाळले तर काच कायमची पांढरट होते, ठिणग्या काचेत रुततात. ओले असतानाच भरपूर पाण्यानं धुवा. वाळलेलं सिमेंट ब्लेडनं खरवडलं तर टफन काचेवर बारीक चरे उठतात.

पायरी ११: पहिला पाऊस

पहिल्या मोठ्या सरीत प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवा. ओल लागली तर रबर आखूड कापलं गेलं आहे किंवा पाण्याची भोकं बंद आहेत. चौकावरच्या काचेखाली उभं राहून सांध्यांकडे पाहा.

डबल काचेच्या बाहेरच्या पृष्ठावर सकाळी दव दिसलं तर काळजी नको, एसीमुळे काच गार झाल्याची ती खूण आहे. दोन काचांच्या मध्ये, जिथं फडकं पोहोचत नाही, तिथं धुकं दिसलं तर सील गेलं. ते दुरुस्त होत नाही, तो पूर्ण संच बदलावा लागतो. त्याच दिवशी फोटो काढा, बिल आणि कोपऱ्यातल्या छापाचा फोटो सोबत जोडा, आणि गॅरंटीची मुदत संपायच्या आत लेखी तक्रार द्या.